हृदयविकाराच्या झटक्यानंतर बिघडणारी रक्तशर्करा: अतिदक्षता विभागापासून पुढच्या तीन महिन्यांपर्यंत

हृदयविकाराचा झटका आलेल्या रुग्णाचा ईसीजी निघतो, रक्त तपासणीला जाते आणि पहिल्या तासाभरातच नातेवाइकांच्या कानावर एक अनपेक्षित आकडा पडतो: साखर २२०, किंवा २४०. ज्या माणसाला मधुमेह असल्याचे आजवर कुणी सांगितलेले नाही, त्याच्या बाबतीत असे काही ऐकले की घरोघरी दोनपैकी एक समजूत करून घेतली जाते. एक तर ‘धक्क्यामुळे वाढली असेल, आपोआप उतरेल’ असे म्हणून तो आकडा विसरला जातो. नाही तर ‘आता मधुमेह लागला’ असे धरून रुग्णाचा भात, केळे, चहा एका दिवसात बंद होतो आणि शेजाऱ्याला चालू असलेली गोळी विचारण्यापर्यंत मजल जाते. दोन्ही समजुतींनी रुग्णाचे नुकसान होते. झटक्याच्या वेळी मोजलेल्या साखरेवरून मधुमेहाचे निदान करता येत नाही, तसेच ती सोडूनही देता येत नाही. तिचा खरा अर्थ ठरावीक तपासण्या करून तीन महिन्यांच्या आत लावून घ्यावा लागतो, आणि नेमके हेच काम आपल्याकडे सर्वाधिक वेळा राहून जाते.

या लेखातले साखरेचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर या आपल्याकडच्या एककात आहेत. ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना तिथल्या अहवालात मिलिमोलचा आकडा दिसेल. त्याला १८ ने गुणले की आपला आकडा मिळतो. औषधांविषयी जे लिहिले आहे ते डॉक्टरांशी नीट बोलता यावे म्हणून लिहिले आहे. गोळी किंवा इन्सुलिनची मात्रा स्वतःच्या मनाने बदलू नये.

साखर का वाढते

हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा अचानक तुटला की शरीरात अ‍ॅड्रेनालिन, नॉरअ‍ॅड्रेनालिन, कॉर्टिसॉल आणि ग्लुकागॉन ही संप्रेरके मोठ्या प्रमाणात स्रवतात. त्यांच्या प्रभावाखाली यकृत आपला साठा मोडून रक्तात साखर सोडते आणि नवी साखरही तयार करू लागते. त्याच वेळी स्वादुपिंडातून येणारे इन्सुलिन कमी पडते आणि जे येते त्याला स्नायूंच्या व चरबीच्या पेशी पुरेशी दाद देत नाहीत. ज्याची इन्सुलिन बनवण्याची क्षमता शाबूत आहे तो हा भार बऱ्याच अंशी पेलतो. ज्याची क्षमता आतल्या आत आधीच घटलेली आहे त्याची साखर उसळते. म्हणून ‘ताणामुळे वाढली’ हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे.

स्वीडनमध्ये मधुमेह माहीत नसलेल्या, हृदयविकाराचा झटका आलेल्या १८१ रुग्णांचा अभ्यास झाला आणि तो २००२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. घरी सोडताना ग्लुकोज पाजून केलेल्या चाचणीत त्यांच्यापैकी ३१ टक्क्यांना मधुमेह आणि ३५ टक्क्यांना मधुमेहाची पूर्वावस्था आढळली. तीन महिन्यांनी, म्हणजे धक्का पूर्ण ओसरल्यावर, हे प्रमाण अनुक्रमे २५ आणि ४० टक्के होते. दोन्ही वेळा सुमारे दोन तृतीयांश रुग्णांची साखर बिघडलेलीच होती.

आपल्याकडे हा प्रश्न अधिक गंभीर आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून १३ कोटी ६० लाख लोक पूर्वावस्थेत आहेत. मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. ‘आमचे वडील तर किडकिडीत आहेत, त्यांना कसला मधुमेह?’ असे म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेले स्वतःचे छायाचित्र आठवावे. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. वजनकाट्यावर बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी दडलेली असू शकते, आणि इन्सुलिनला दाद न देण्याचे मूळ बहुधा तिथेच असते.

पहिली पायरी: दाखल असतानाच एचबीएवनसी करून घेणे

रुग्ण दाखल असताना करायची सर्वांत उपयुक्त तपासणी म्हणजे एचबीएवनसी, जिला बोलीभाषेत ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात. आजच्या धक्क्याचा तिच्यावर जवळजवळ परिणाम होत नाही, कारण ती मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिच्यासाठी उपाशी राहावे लागत नाही आणि रक्त तर रोज काढलेच जाते. डॉक्टर फेरीवर आले की ‘एचबीएवनसी पाठवली आहे का आणि किती आली?’ एवढे विचारावे.

निकाल ५.७ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर आधीची साखर बहुधा ठीक होती. ५.७ ते ६.४ म्हणजे पूर्वावस्था. ६.५ किंवा त्याहून अधिक आल्यास मधुमेह झटक्याच्या आधीपासूनच होता, फक्त कुणी शोधला नव्हता, असे मानून उपचाराची दिशा ठरवली जाते.

ही तपासणी काही रुग्णांत मात्र फसवते. लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय असेल तर आकडा खोटा वाढलेला येऊ शकतो. नुकतेच रक्त चढवले असेल, मूत्रपिंडाचा जुना आजार असेल, किंवा सिकलसेल अथवा थॅलेसेमिया असेल तरी त्यावर विसंबता येत नाही. विदर्भात, विशेषतः गडचिरोलीच्या परिसरात, आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. घरात कुणाला तो आजार असेल तर रुग्णाचा अहवाल वाचण्याआधी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. अशा रुग्णाचे निदान उपाशीपोटीची साखर आणि ग्लुकोज पाजून केलेली चाचणी यांवरच करावे लागते.

दुसरी पायरी: अतिदक्षता विभागात किती साखर चालते हे समजून घेणे

साखर सातत्याने १८० किंवा त्यावर राहिली तर रुग्णालयात उपचार सुरू करतात, ते बहुधा इन्सुलिनने, आणि ती १४० ते १८० च्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न करतात. ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांत ही वरची मर्यादा ११ मिलिमोल, म्हणजे सुमारे १९८ आहे. बाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे आकडे जास्त वाटतात. ‘साखर १६५ आहे आणि तुम्ही काहीच करत नाही’ ही तक्रार अतिदक्षता विभागाच्या दारात नेहमी ऐकू येते, आणि तिच्यामागची काळजी समजण्यासारखी आहे. पण १६५ वर काही न करणे हाच तिथला विचारपूर्वक केलेला उपचार असतो.

त्यामागे अनेक वर्षांचे संशोधन आहे. १९९५ साली स्वीडनमधील ‘डिगामी’ या अभ्यासात झटका आलेल्या ६२० मधुमेही रुग्णांपैकी काहींना शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज व त्यानंतर काही महिने त्वचेखाली इन्सुलिन दिले गेले. वर्षभरातला मृत्युदर नेहमीच्या उपचारात २६.१ टक्के होता, तो या गटात १८.६ टक्क्यांवर आला. साहजिकच साखर जितकी खाली आणू तितके चांगले, असे सर्वांना वाटू लागले. परंतु २००५ साली १,२५३ रुग्णांवर झालेल्या ‘डिगामी-२’ मध्ये तसा फायदा दिसला नाही. पुढे २००९ साली ‘नाइस-शुगर’ या अभ्यासात अतिदक्षता विभागातील विविध आजारांच्या सहा हजारांहून अधिक रुग्णांपैकी ज्यांची साखर ८१ ते १०८ इतकी काटेकोर ठेवली त्यांच्यात ९० दिवसांतील मृत्युदर २७.५ टक्के निघाला. १८० पर्यंत मुभा दिलेल्या गटात तो २४.९ टक्के होता. साखर कमी पडण्याचे प्रसंगही काटेकोर गटात कितीतरी जास्त होते.

नुकत्याच जखमी झालेल्या हृदयाला साखर घसरणे फार महागात पडते. साखर ७० च्या खाली आली की अ‍ॅड्रेनालिन पुन्हा उसळते, नाडी वाढते, हृदयाला अधिक प्राणवायू लागतो आणि ठोक्यांची लय बिघडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे ‘एकदम नॉर्मल करा’ असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. साखर २५० वर राहत असेल, किंवा ती बराच वेळ मोजलीच गेली नसेल, तर मात्र जरूर विचारावे.

या काळात आणखी तीन गोष्टींकडे लक्ष असावे. इन्सुलिन दिल्यावर रक्तातील पोटॅशियम उतरते, आणि कमी पोटॅशियम हेही लय बिघडण्याचे कारण असते. म्हणून त्याची तपासणी सोबत होत राहते. रक्तदाब फार खाली गेलेला, हातपाय गार पडलेला रुग्ण असेल तर बोटावरच्या थेंबाची साखर चुकीची येऊ शकते, आणि डॉक्टर शिरेतले रक्त प्रयोगशाळेत पाठवतात ते त्यासाठीच. तिसरी गोष्ट खाण्याची. इन्सुलिनची वेळ जेवणाच्या वेळेशी बांधलेली असते. इन्सुलिन टोचून झाले आणि मळमळीमुळे रुग्णाने जेवणाचे ताट तसेच परत केले, तर ते ताबडतोब सिस्टरांना सांगावे. तसेच डब्यातून आणलेले फळ, बिस्किटे किंवा नारळपाणी न सांगता देऊ नये, कारण इन्सुलिनची पुढची मात्रा मोजलेल्या साखरेच्या आकड्यावर ठरते. सलाइनच्या बाटलीवर ‘डेक्स्ट्रोज’ असे वाचून घाबरण्याचे कारण नाही. लय सुधारणारे अमियोडारोनसारखे औषध डेक्स्ट्रोजमध्येच मिसळून द्यावे लागते. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटर बाटलीत २५ ग्रॅम साखर असते आणि डॉक्टर ती हिशोबात धरतात.

तिसरी पायरी: डिस्चार्ज कार्ड हातात आल्यावर

घरी जाण्याच्या दिवशी सगळ्यांची घाई असते. बिलाचा हिशोब, विम्याची मंजुरी, औषधांची पिशवी या गडबडीत साखरेचा विषय मागे पडतो. तरीही त्या दिवशी पंधरा मिनिटे शांत बसून डिस्चार्ज कार्ड वाचावे. त्यावर दाखल झाल्या वेळची साखर, एचबीएवनसी, क्रिअ‍ॅटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्त तपासणी) आणि हृदयाची पंप करण्याची क्षमता, म्हणजे टूडी इको या हृदयाच्या सोनोग्राफीतला ईएफचा आकडा, या चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात; नसतील तर लिहून मागाव्यात. पुढे जो कोणी डॉक्टर साखरेची औषधे ठरवेल त्याला हे चारही आकडे लागणार आहेत.

आधीपासून मधुमेहाची औषधे चालू असतील तर प्रत्येक जुन्या गोळीविषयी स्वतंत्रपणे विचारावे: ही चालू ठेवायची, बंद करायची की काही दिवस थांबवायची? मेटफॉर्मिन हे चांगले आणि स्वस्त औषध आहे, पण अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या दिसाव्यात म्हणून टोचलेल्या डायमुळे मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. त्यामुळे अनेक रुग्णांत ते थांबवून ४८ तासांनी क्रिअ‍ॅटिनिन पाहून मगच पुन्हा सुरू करतात. ‘पुन्हा सुरू कधी करायचे’ हे लिहून न दिल्यामुळे ते महिनोन्‌महिने बंदच राहिले, असेही घडते. हृदय कमजोर झाले असेल तर पायोग्लिटाझोन टाळतात, कारण त्याने शरीरात पाणी साठते. सॅक्साग्लिप्टिनविषयीही अशा रुग्णांत सावधगिरी बाळगतात.

आपल्याकडे एक धोका विशेष आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन यांची एकत्र गोळी असंख्य कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. रुग्णालयाने एका नावाची गोळी दिली आणि घरच्या डब्यात दुसऱ्या नावाची तीच गोळी शिल्लक असली, की दोन्ही घेतल्या जातात आणि साखर धाडकन घसरते. घरी पोहोचल्यावर पहिले काम हे करावे: जुन्या आणि नव्या सगळ्या पाकिटांवरचे ठळक नाव सोडून त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचावे, एकच नाव दोनदा आले तर औषधाच्या दुकानदाराला न विचारता डॉक्टरांना विचारावे, आणि बंद केलेली पाकिटे डब्यातून काढून टाकावीत.

चौथी पायरी: इन्सुलिन घरी आले असेल तर सिरिंज ओळखणे

रुग्णालयात इन्सुलिन सुरू झाले म्हणजे ते जन्मभर लागणार, असे नाही. कित्येकांचे काही आठवड्यांत बंद होते. पण जोवर ते आहे तोवर त्यातली एक चूक जिवावर बेतू शकते, म्हणून इथे थोडे थांबून लिहितो.

भारतात बाटलीतले इन्सुलिन बहुतांशी एका मिलिलिटरला ४० युनिट या तीव्रतेचे मिळते, तर पेनमधले आणि काही बाटल्यांतले १०० युनिटचे असते. सिरिंजाही त्याप्रमाणे दोन असतात: ४० युनिटच्या बाटलीसाठी लाल टोपणाची आणि १०० युनिटच्या बाटलीसाठी नारिंगी टोपणाची. समजा डॉक्टरांनी २० युनिट सांगितले आहेत. १०० युनिटच्या बाटलीतून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर प्रत्यक्षात ५० युनिट शरीरात जातात. उलट ४० युनिटच्या बाटलीला नारिंगी टोपणाची सिरिंज लावली तर २० ऐवजी ८ युनिटच जातात. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच असल्याची खात्री प्रत्येक वेळी उजेडात धरून करावी. दुकानात लाल टोपणाची संपली आहे म्हणून दुसरी आणू नये, आणि पेनच्या नळीतून सिरिंजने औषध कधीही ओढू नये.

पाचवी पायरी: साखर घसरल्याचे ओळखणे

घरी आल्यावरचा सर्वांत मोठा तातडीचा धोका वाढलेल्या साखरेचा नसतो, घसरलेल्या साखरेचा असतो. रुग्णाची भूक मंदावलेली असते, जेवण निम्म्यावर आलेले असते, रुग्णालयातला ताण ओसरल्याने साखर तशीही उतरत असते आणि औषधाची मात्रा मात्र तीच असते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना हा धोका अधिक. वयस्कर आणि मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णांत गोळीमुळे घसरलेली साखर एकदा वर येऊन पुन्हा काही तासांनी घसरू शकते.

नेहमीची लक्षणे म्हणजे हात थरथरणे, छातीत धडधड, घाम, भूक, चिडचिड आणि असंबद्ध बोलणे. झटक्यानंतर बहुतेकांना मेटोप्रोलॉलसारखी बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणारी, गोळी दिली जाते आणि तिच्यामुळे थरथर व धडधड दबून जातात. घाम मात्र दबत नाही. त्यामुळे अशा रुग्णाला कारण नसताना दरदरून घाम आला, तो गप्प झाला किंवा विचित्र वागू लागला, तर साखर लगेच मोजावी.

ती ७० पेक्षा कमी असेल आणि रुग्ण शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर १५ ग्रॅम साखर द्यावी: पाण्यात विरघळवलेली तीन-चार लहान चमचे साखर किंवा तेवढीच ग्लुकोज पावडर. १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे, अजूनही ७० च्या खाली असेल तर तेवढेच पुन्हा द्यावे, आणि वर आल्यावर पोळी किंवा दूध-बिस्किट असे काहीतरी खायला द्यावे. चॉकलेट किंवा पेढा देऊ नये, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही गोळी चालू असेल तर घरातली साखर पुरेशी लवकर पचत नाही. अशा घरात ग्लुकोज पावडरचा डबा हाताशी ठेवलाच पाहिजे. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

घाम आणि अस्वस्थपणा ही दुसऱ्या झटक्याचीही लक्षणे असू शकतात. मधुमेहात नसांची संवेदना मंद झालेली असेल तर छातीत कळ न येता नुसता घाम, दम किंवा गळून गेल्यासारखे वाटणे एवढ्यावरच झटका येतो. साखर ठीक निघाली तरी त्रास चालू असेल, किंवा साखर दिल्यावर आकडा वर आला पण माणूस सावरला नाही, तर थेट ईसीजीसाठी रुग्णालय गाठावे. ‘ॲसिडिटी असेल, सकाळी बघू’ असे म्हणून रात्र काढू नये.

सहावी पायरी: मोजणे आणि लिहिणे

साखर कमी करण्याचे कुठलेही औषध चालू असेल तर पहिले दोन आठवडे रोज उपाशीपोटी एकदा आणि एखाद्या मुख्य जेवणानंतर दोन तासांनी एकदा मोजावे. ज्या जेवणानंतर मोजायचे ते रोज बदलावे, म्हणजे आज न्याहारी, उद्या दुपारचे, परवा रात्रीचे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी झोपण्यापूर्वीही मोजावे. साधारण लक्ष्य उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या आत असे असते. वृद्ध किंवा वारंवार साखर घसरणाऱ्या रुग्णांना डॉक्टर यापेक्षा सैल लक्ष्य देतात आणि ते योग्यच असते.

मोजताना हात साबणाने धुऊन कोरडे करावेत. आंबा चिरल्यावर किंवा केळे सोलल्यावर बोटाला लागलेला रस थेंबात मिसळला, तर साखर प्रत्यक्षापेक्षा कितीतरी जास्त दिसते आणि त्या आकड्यावर इन्सुलिन वाढवले जाते. सुई बोटाच्या टोकावर न टोचता कडेला टोचावी. पट्ट्यांची डबी उघडी ठेवू नये, विशेषतः कोकणातल्या पावसाळी हवेत, आणि तिच्यावरची मुदत पाहावी. आकडा वहीत लिहिताना शेजारी काय खाल्ले आणि औषध कधी घेतले तेही लिहावे. नुसत्या आकड्यांवरून डॉक्टरांना फारसे कळत नाही.

सातवी पायरी: जेवण, उपास आणि चालणे

खाण्याविषयी बरेच लिहिले जाते, त्यामुळे इथे नेमकेच सांगतो. भात किंवा भाकरी पूर्ण बंद करण्याची गरज नसते. ताटात त्यांचा वाटा एक चतुर्थांश, भाज्या-कोशिंबिरींचा निम्मा आणि उसळ, वरण, मासे, अंडे अशा प्रथिनांचा उरलेला चतुर्थांश असावा. ज्वारी-बाजरीची भाकरी मैद्यापेक्षा आणि पॉलिश केलेल्या भातापेक्षा बरी, पण ‘भाकरीने साखर वाढत नाही’ हा समज चुकीचा आहे; तीन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढतेच. पापड, लोणचे, फरसाण आणि सुके मासे यांतले मीठ हृदयाला जड जाते. बाजारात मिळणारे ‘लो सोडियम’ मीठ मात्र विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम असते, आणि रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही हृदयाची व रक्तदाबाची औषधे घेणाऱ्याच्या रक्तात ते धोकादायक पातळीपर्यंत साठू शकते.

उपासाचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक असतो. एकादशी, संकष्टी, नवरात्र असो वा रोजे, निदान पहिले तीन महिने उपास करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उपाशी पोटावर घेतलेली ग्लिमेपिराइडची गोळी साखर पाडते, आणि संध्याकाळी खाल्लेली साबुदाण्याची खिचडी तीच साखर उसळवते, कारण साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च असतो. आजी-आजोबांना हे पटवताना त्यांच्या श्रद्धेविषयी वाद घालण्यापेक्षा डॉक्टरांच्या तोंडून सांगवावे.

चालणे डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर सपाट जागेवर, बोलता येईल अशा वेगाने सुरू करावे आणि दर आठवड्याला थोडे वाढवावे. जेवणानंतरच्या चालण्याने साखर चांगली उतरते, पण भरल्या पोटी लगेच चालणे नुकत्याच सावरलेल्या हृदयाला झेपत नाही. अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. छातीत दडपण आले की तिथेच थांबून बसावे.

आठवी पायरी: सहा आठवडे ते तीन महिन्यांच्या दरम्यानची तपासणी

हीच ती राहून जाणारी पायरी. झटका येऊन दीड महिना झाला, माणूस हिंडू-फिरू लागला, की साखरेची आठवण कुणाला राहत नाही. कॅलेंडरवर आजच तारीख लिहून ठेवावी.

मधुमेहाचे निदान आधी पक्के झालेले नसेल तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी पुन्हा करावी. दोन्ही ठीक आल्या तरी रुग्णालयात साखर बरीच वाढली होती अशांनी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून करायची चाचणी करावी, असे मला वाटते, कारण अनेकांची बिघडलेली साखर त्याच चाचणीत सापडते. घरून नाश्ता करून जाऊन दिलेले रक्त म्हणजे ही चाचणी नव्हे. आधीचे तीन दिवस नेहमीसारखे जेवावे, आठ तास उपाशी राहून जावे, ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास तिथेच बसून राहावे. फिरायला जाऊ नये. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा दोन तासांनी २०० किंवा अधिक आल्यास मधुमेह मानतात आणि एकच निकाल बिघडलेला असेल तर तो पुन्हा तपासून पक्का करतात. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ म्हणजे पूर्वावस्था. सर्व आकडे निर्दोष आले तरी दरवर्षी एकदा तपासणी करत राहावे.

मधुमेह पक्का झाला तर औषध निवडताना फक्त साखरेचा विचार करून भागत नाही. एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्यांनी हृदयविकार असलेल्या मधुमेही रुग्णांत हृदय निकामी होऊन दाखल व्हावे लागण्याचे प्रमाण घटते. २०१५ सालच्या ‘एम्पा-रेग’ अभ्यासात एम्पाग्लिफ्लोझिनमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी झाले होते. लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड या इंजेक्शनांचाही हृदयाला फायदा दिसला आहे. म्हणून ‘माझ्या हृदयालाही उपयोगी पडेल असे साखरेचे औषध मला चालेल का?’ हा प्रश्न डॉक्टरांना विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. ‘ग्लिफ्लोझिन’ गटाच्या गोळीने लघवीच्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे स्वच्छता सांभाळावी. उलट्या-जुलाब होत असतील किंवा खाणे बंद असेल तर ती थांबवण्याविषयी त्याच दिवशी विचारावे, आणि बायपाससारखी शस्त्रक्रिया ठरली असेल तर ती साधारण तीन दिवस आधी बंद करतात. ही गोळी घेताना साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. मळमळ, पोटदुखी आणि जोरजोरात श्वास ही त्याची खूण, आणि तेव्हा रुग्णालयात जावे लागते.

स्टॅटिनमुळे साखर वाढते असे वाचून कोलेस्टेरॉलची गोळी परस्पर बंद करणारे लोक बरेच आहेत. स्टॅटिनने मधुमेहाची शक्यता किंचित वाढते हे खरे आहे, पण झटका येऊन गेलेल्या माणसाला तिच्यापासून मिळणारे संरक्षण त्याहून कितीतरी मोठे असते. ती गोळी आणि स्टेंट बसवल्यावर दिलेल्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या साखरेच्या कारणाने कधीही थांबवू नयेत.

निदान झाल्यानंतर एचबीएवनसी दर तीन महिन्यांनी, आणि ती स्थिरावल्यावर सहा महिन्यांनी करावी. लघवीतील अल्ब्युमिन, क्रिअ‍ॅटिनिन आणि बाहुल्या मोठ्या करून केलेली डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वर्षातून एकदा व्हावी. पायांचे तळवे दर संध्याकाळी उजेडात पाहावेत. या सगळ्या अहवालांसोबत झटक्याच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड त्याच फाईलमध्ये सगळ्यांत वर ठेवावे आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे जाताना साखरेची वही, साखरेच्या डॉक्टरांकडे जाताना ईसीजी व इकोचा अहवाल बरोबर न्यावा.